चार इंची ग्राइंडरचा गार्ड, डिस्क आणि ‘एवढाच एक कट’

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बागेच्या मंडपासाठी लोखंडी अँगल कापायचे असल्याने त्यांनी चार इंची ग्राइंडर घेतला. पाच इंची डिस्क जास्त दिवस पुरते म्हणून ती आणली, आणि ती गार्डमध्ये, म्हणजे डिस्कभोवतीच्या लोखंडी आडोशात, मावेना म्हणून गार्ड काढून ठेवला. जुनी बाग काढल्यावर निघालेली खोडे आणि लाकडी डांब कापण्यासाठी त्याच मशीनला दातेरी पाते लावावे, असा सल्ला त्यांना शेजाऱ्यांनी दिला आहे. डोळ्याला गॉगल लावला तर एवढे पुरेसे आहे का, आणि आणखी काय सांभाळावे, असे त्यांनी विचारले आहे.

पुरेसे नाही. गार्ड आधी परत बसवावा, पाच इंची डिस्क काढून ठेवावी आणि दातेरी पाते तर आणूच नये. हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, ते पुढे सविस्तर लिहितो. कुपवाड एमआयडीसीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे आणि सत्तावीस वर्षांत माझ्या हाताखाली अनेक मुले ग्राइंडर धरायला शिकली. या काळात मी जे अपघात पाहिले, त्यांतले बहुतेक मोठ्या आणि अवघड कामात झालेले नाहीत. गेट उभे राहिले, सामान आवरत आले, जेवायची सुट्टी झाली आणि कोणीतरी ‘थांब, एवढाच एक कट मारतो’ म्हणाला, अशा वेळी ते झाले. त्या एका कटासाठी गॉगल शोधायला कोणी जात नाही, तुकडा शिकंज्यात धरत नाही, आणि गार्ड तर सकाळपासूनच खिळ्याला टांगलेला असतो.

प्रथम डिस्कचा वेग समजून घ्यावा, कारण बाकी सगळे त्यातून आपोआप उलगडते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कची कड त्या वेगाने सेकंदाला सुमारे ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक धावते. डिस्क फुटली तर तिचा तुकडा याच वेगाने सुटतो. गार्ड नसेल तर तो तुकडा ज्या पातळीत फिरत असतो, त्या पातळीत बहुधा आपला चेहरा, गळा किंवा पोट असते, कारण कापताना माणूस रेषा नीट दिसावी म्हणून नेमका डिस्कच्या रेषेत वाकतो. गॉगल डोळा वाचवील, गळा वाचवणार नाही. गार्ड ठिणग्यांसाठी असतो असा समज आहे, पण त्याचे खरे काम डिस्क फुटेल तेव्हाचे आहे. म्हणून त्याची बंद बाजू नेहमी आपल्याकडे वळवलेली असावी आणि काम बदलले की तो फिरवून पुन्हा आवळावा.

आता पाच इंची डिस्कविषयी. प्रत्येक डिस्कवर तिला झेपणारे जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. चांगल्या पाच इंची डिस्कवर बहुधा १२,२०० च्या आसपास आकडा असतो, त्यामुळे केवळ वेगाच्या हिशेबाने ती चार इंची मशीनवर लगेच फुटेल असे म्हणता येणार नाही. दोष दुसरीकडे आहे. चार इंची डिस्कचे भोक १६ मिलिमीटरचे असते आणि पाच इंचीचे २२ मिलिमीटरहून थोडे मोठे. म्हणजे ती चार इंची मशीनच्या फ्लँजवर, म्हणजे डिस्क धरणाऱ्या चकतीवर, मुळात बसतच नाही, तिथे वायसर किंवा पत्र्याची चकती घालून जुळवाजुळव करावी लागते. अशी डिस्क केंद्राला बसत नाही, ती थरथरते, आणि ती थरथर तिला आतून तडकवत राहते. त्यात गार्डही निघालेला. काही जण याहून पुढे जाऊन सात इंची मशीनची डिस्क छोट्या मशीनला लावतात. तिच्यावर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. फिरणाऱ्या चकतीतला ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ११,००० फेऱ्यांना त्या डिस्कवर ठरलेल्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक ताण येतो. दोन-चार कट तसे निघाले, तर तो नशिबाचा भाग समजावा.

डिस्क विकत घेताना तिच्या मधल्या धातूच्या कडीकडे नीट पाहावे. तिच्यावर बारीक अक्षरात महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ही वापराची मुदत असते आणि ती साधारणपणे बनवल्यापासून तीन वर्षांची धरतात. या डिस्क राळेने बांधलेल्या असतात. राळ जुनी झाली किंवा तिने ओल धरली की बांधणी कमकुवत होते, मात्र वरून पाहता डिस्क नवीच दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा पाण्यातून काढलेल्या डिस्क उन्हात वाळवून वापरायला घेतलेल्या मी स्वतः पाहिल्या. अशा डिस्क फेकून द्याव्यात. त्या पुरात बुडालेल्या मशीनही नुसत्या वाळवून चालू करायच्या नव्हत्या, त्या उघडून, वायंडिंग भट्टीत सुकवून, मेगरने इन्सुलेशन तपासूनच वापरात घ्यायला हव्या होत्या. पडलेली डिस्क, काठाचा टवका गेलेली डिस्क आणि पावसाळाभर गोठ्यात लटकलेली डिस्क यांनाही हाच नियम लावावा. नवी डिस्क बसवली की मशीन तोंडापासून दूर, गार्ड आपल्याकडे करून, मिनिटभर मोकळी फिरवावी. खोट असेल तर ती बहुधा तेवढ्यातच उघड होते.

कापायची पातळ डिस्क आणि घासायची जाड डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कापायची डिस्क एक ते तीन मिलिमीटर जाडीची असते आणि तिला बाजूने दाब मुळीच सोसत नाही. कट मारून झाला की त्याच डिस्कने आडवे धरून किनार घासण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. वेल्डिंगचा फुगवटा घासायचा असेल तर सहा मिलिमीटरची डिस्क लावावी. डिस्क बदलायला मिनिट लागते, आणि त्या वेळी प्लग काढलेला असावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

आता कापण्याची रीत. लाकूड करवतणाऱ्याला हे ठाऊकच असते की दोन दगडांवर टेकवलेला ओंडका मधोमध कापू लागलो तर तो आपल्या वजनाने मध्ये दबतो, काप मिटतो आणि करवत अडकते. करवत अडकली तर आपला हात थांबतो, एवढेच. ग्राइंडरची डिस्क त्या मिटलेल्या कापात अडकली तर मशीन थांबत नाही. एक तर ती उसळून मागे येते, नाही तर डिस्क फुटते. विशीत असताना दुसऱ्याच्या शेडमध्ये मी असाच एक चॅनेल दोन विटांवर ठेवून मधोमध कापत होतो आणि गार्ड काढलेला होता. कट पाऊण झाल्यावर मशीनचा आवाज घोगरा झाला. तो आवाज आजही माझ्या कानात आहे, कारण तिथेच थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, उलट दाब वाढवला. ठण्ण असा आवाज झाला, हातातली मशीन रिकामी फिरू लागली, आणि डाव्या हातात कोपराखाली काहीतरी गरम घुसल्यासारखे वाटले. पाहिले तर बाहीला बोटभर चीर पडली होती आणि आत डिस्कचा त्रिकोणी तुकडा होता. सात टाके पडले. तो तुकडा सहा इंच उजवीकडे गेला असता तर हे उत्तर लिहायला मी उरलो नसतो.

म्हणून मंडपाचे वाय (Y) आकाराचे अँगल कापताना लांब बाजू टेबलावर किंवा घोडीवर सी-क्लॅम्पने पक्की करावी आणि कापायचा तुकडा बाहेर मोकळा लटकू द्यावा, म्हणजे काप मिटण्याऐवजी उघडत जातो. पायाने अँगल दाबून कापण्याची पद्धत आपल्या भागात इतकी रुळलेली आहे की ती चूक आहे हेच कोणाला वाटत नाही. पाऊल हा शिकंजा नाही. डिस्क निसटली तर पहिल्यांदा तीच जागा सापडते, आणि चप्पल घातलेल्या पायाचे काय होते ते वेगळे सांगायला नको. मशीन दोन्ही हातांनी धरावी, बाजूचा दांडा लावलेला असावा, आणि आपले शरीर डिस्कच्या रेषेत न ठेवता थोडे बाजूला ठेवावे. काप वाकडा जाऊ लागला तर मशीन कापातच मुरडून सरळ करू नये, बाहेर काढावी, डिस्क पूर्ण थांबू द्यावी आणि पुन्हा नव्याने सुरुवात करावी. बटण बंद केल्यावरही डिस्क काही सेकंद फिरत असते. ती थांबण्याआधी मशीन जमिनीवर ठेवली की ती भोवऱ्यासारखी फिरते, आणि स्वतःचीच वायर कापते.

लाकडासाठी दातेरी पाते लावू नका, हे मी वर म्हटले. त्याचे कारण असे की दगडी डिस्क घासत कापते, तर दाता चावतो. खोडातली गाठ, एखादा जुना खिळा किंवा मंडपाच्या तारेचा खोडात रुतलेला तुकडा दात्याला लागला की सगळी ताकद क्षणात उलटी फिरते आणि मशीन हातातून उडते. गोल करवतीला मोठा गार्ड असतो, खाली टेकायला पट्टी असते, आणि बटणावरचे बोट सुटले की वीज तुटते. चार इंची ग्राइंडरचे सरकते बटण बहुधा पुढे ढकलले की तिथेच अडकून राहते, म्हणजे मशीन जमिनीवर पडली तरी फिरतच असते. द्राक्षाच्या खोडाला हातकरवत पुरते, डांबांसाठी गोल करवत किंवा चेन सॉ भाड्याने आणावी. पैसे वाचवण्याची ही जागा नाही.

याच अडकणाऱ्या बटणामुळे आपल्या भागात आणखी एक धोका आहे. काम चालू असताना लाईट जाते, माणूस मशीन तशीच बाजूला ठेवून पाणी प्यायला जातो, आणि लाईट आली की कोणी हात न लावता मशीन सुरू होते. जवळ लहान मूल असेल तर काय होईल, याचा विचारही नको वाटतो. लाईट गेली की पहिले काम प्लग काढण्याचे.

विजेचा विषय निघाला आहे, तर शेतावरच्या जोडणीबद्दल जरा लांबवून लिहितो, कारण गावात काम करणाऱ्यांना या बाबतीत शहरापेक्षा जास्त धोका असतो. विहिरीवरच्या किंवा बोअरच्या स्टार्टर पेटीतून एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रल म्हणून अर्थिंगचा रॉड किंवा बोअरचा केसिंग पाइप वापरायचा, असा उद्योग मी अनेक मळ्यांत पाहिला आहे. अशा जोडणीत मशीनचा सगळा प्रवाह जमिनीतून परत जातो. अर्थिंग नीट नसेल, किंवा उन्हाळ्यात माती कोरडी पडली असेल, तर त्या रॉडला, केसिंगला आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक लोखंडाला २३० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. ओल्या पायाने पाइपला हात लावणारा माणूस त्यात मरतो, आणि तो मशीन चालवणाराच असेल असे नाही. जोडणी घ्यायचीच असेल तर खरा न्यूट्रल असलेल्या घरगुती मीटरवरून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप बंद होणाऱ्या स्विचमधून, घ्यावी. त्या आरसीसीबीवर चाचणीचे एक छोटे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून ती खरोखर पडते की नाही ते पाहावे.

साधा चार इंची ग्राइंडर ६०० ते ८५० वॅटचा असतो, तो तीन-चार अँपिअर घेतो, त्याला घरचे साधे सॉकेट चालते. अँगलचा ढीग कापायला चौदा इंची कटऑफ मशीन आणणार असाल, तर ती २,००० वॅट आणि त्याहून जास्त असते, तिला मोठ्या पिनचे सॉकेटच हवे. एक्स्टेंशनची वायर लांबच्या अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि वापरताना तिचे वेटोळे पूर्ण सोडावे, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते. प्लग नसलेल्या वायरची दोन टोके काड्यापेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवणे, हे माझ्या शेडमध्ये मी पाहिले तर त्या दिवशीचे काम थांबवतो. मशीनच्या पाटीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असेल, तर तिला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि ती दोन पिनांवर चालते. ते चिन्ह नसेल तर अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नये.

ठिणग्या दोन-तीन मीटर सहज जातात. आपल्याकडे ट्रॉलीची दुरुस्ती उसाच्या फडाशेजारी होते, आजूबाजूला वाळलेले पाचट असते. बेदाण्याच्या शेडला प्लास्टिकची जाळी असते. दोन्ही ठिकाणी ठिणगी पडल्यावर लगेच जाळ दिसेलच असे नाही, पाचटात ती अर्धा तास धुमसत राहते. जागा झाडून, पाणी शिंपडून काम करावे, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नये. याहून गंभीर गोष्ट रिकाम्या बॅरलची. गव्हाणीसाठी किंवा पाण्यासाठी २०० लिटरचे जुने बॅरल उभे कापण्याची पद्धत गावोगावी आहे. त्यात पूर्वी डिझेल, थिनर किंवा ऑइल असेल, तर ते रिकामे दिसले तरी आत वाफ साठलेली असते, आणि बंद बॅरलमधली ती वाफ ठिणगीने पेटली की झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामे बॅरल जास्त घातक, हे लक्षात ठेवावे. पाण्याने विसळल्याने ते निर्धोक होत नाही. कापलेले बॅरल भंगारवाल्याकडे तयार मिळते, ते घ्यावे.

डोळ्यांबद्दल. १९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी पस्तिसावे कलम वेगळे घातले गेले, इतकी ही इजा कारखान्यांत जुनी आणि नेहमीची आहे. उन्हाचा चष्मा किंवा नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा आणि कापताना त्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढाल असली तर उत्तम. माझ्याकडच्या एका मुलाच्या डोळ्यात दुपारी कण गेला. तो काही बोलला नाही, घरी गेला, आणि रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांनी जिभेने तो कण काढण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा बुबुळावर मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असा एक तपकिरी ठिपका होता आणि त्याभोवती गंजाचे कडे दिसत होते. लोखंडाचा कण बुबुळात रुतला की काही तासांतच गंजू लागतो. मिरजेला नेल्यावर डॉक्टरांना कण आणि गंज असे दोन्ही काढावे लागले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की डोळ्यात काही गेले तर चोळायचे नाही, रुमालाचे टोक लावायचे नाही, लोहचुंबक आणायचे नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचे, आणि तरीही खुपत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा, काम कितीही खोळंबले तरी.

कपड्यांचे थोडक्यात: खांद्यावरचा टॉवेल, मफलर, ओढणी, लोंबणारी बाही, गळ्यातला गोफ, मनगटातला गंडा यांतले काहीही फिरत्या मशीनजवळ नको. ग्राइंडरसाठी चामड्याचे, घट्ट बसणारे हातमोजे चालतात, पण ड्रिल मशीनवर हातमोजा अजिबात नको, कारण बिटात त्याचा एक धागा गुंतला तरी बोट त्याच्यामागे जाते. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी माझ्या शेडमधल्या प्रत्येक मशीनची वायर, कार्बन, गार्ड आणि दांडा तपासला जातो, आणि दसऱ्यानंतर पहिले बटण दाबण्याआधी मशीनला बांधलेले झेंडूचे हार आणि दोरे मी स्वतः काढून घेतो.

घरातल्या कामासाठी कडप्पा, फरशी किंवा काँक्रीट कापणार असाल, तर त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. एन-९५ मास्क घालावा आणि ओल्या कटाईसाठीच बनवलेल्या मार्बल कटरने पाणी सोडत कापावे, ग्राइंडरवर पाणी ओतू नये. कानांचेही तसेच आहे. ग्राइंडरचा आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो, आणि दिवसभर काम असेल तर कानात इअरप्लग हवेतच. माझ्या पिढीतले अनेक मिस्त्री आज फोन कानाला लावून ओरडून बोलतात, त्याचे कारण हेच आहे.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा आणि १०८ ला फोन करावा. हळद, चहापूड, डिझेल असले काही लावू नये. बोट तुटले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवल्यास ते जोडण्याजोगे राहत नाही.

तुमच्या मशीनचा गार्ड अजून घरात असेल, पण त्याचा पट्टा किंवा स्क्रू हरवला असेल, तर तारेने बांधून वेळ मारून नेऊ नका. मशीनच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि सांगलीत त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर तो दाखवा. गार्ड सुटा विकत मिळतो. तो बसवल्यावर १०० मिलिमीटरची, १६ मिलिमीटर भोकाची डिस्क आत हाताने फिरवून पाहा, ती कुठेही न घासता फिरली पाहिजे. मंडपाचे अँगल त्यानंतर कापायला घ्या.